ऑल-इनला कॉल करायला ५० टक्के लागतातच असं नाही

पोकरमध्ये ‘जिंकण्याची शक्यता निम्म्याहून कमी असेल तर ऑल-इनला कॉल करूच नका’ असा सल्ला फिरतोय. (ऑल-इन म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स लावणं, कॉल म्हणजे तेवढ्याच भरून डावात राहणं.) तो चुकीचा आहे. समजा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३,००० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५,००० लावल्या. तुम्ही ५,००० भरून १३,००० साठी खेळता, म्हणजे जिंकण्याची साधारण ३८.५ टक्के शक्यता पुरते. तुमच्याकडे बदामचा एक्का, किलवरचा राजा आणि समोरच्याकडे राण्यांची जोडी असली, तरी तुमची शक्यता ४३ टक्क्यांच्या आसपास असते. कॉल बरोबरच!

पण हा हिशेब चिप्सचा झाला, स्पर्धेतल्या बक्षिसाचा नाही. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला वाटा दुप्पट होत नाही. सगळ्या गेल्या तर मात्र खेळच संपतो. म्हणून आणखी एकच जण बाद झाला की बक्षिसं सुरू होणार असतील, तेव्हा कधीकधी ५० टक्केही कमी पडतात.