उपवासाचं वेगळं ठेवता ना, तसंच आमचंही ठेवा

आषाढी एकादशीला मामींकडे होते, गिरगावात. मामी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. ओट्याच्या एका बाजूला उपवासवाल्यांची साबुदाण्याची खिचडी, दुसऱ्या बाजूला मुलांसाठी पोळी-भाजी. मी तासभर स्टुलावर बसून बघत होते. कणकेचा हात झाला की मामी तो साबणाने स्वच्छ धुणार, पुसणार आणि मगच खिचडीच्या कढईला लावणार. झारा वेगळा, ताटल्या वेगळ्या, दाण्याचं कूट उपवासाच्या डब्यातलं. नातवाने भाजीचा चमचा चुकून खिचडीत घातला तर त्यांनी तेवढा भाग उचलून बाजूला काढला. "मोडला असता ना रे सगळ्यांचा उपास!"

याच मामींनी मागच्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी माझ्या पानात पुरणपोळीचा तुकडा वाढला होता. "प्रसाद आहे गं. एवढ्याशाने काय होतंय?" मी तो खाल्ला. ज्या बाईने लहानपणी मला मांडीवर घेऊन भरवलं तिला भरल्या पंगतीत नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. रात्री दोन वाजल्यापासून पुढचे तीन दिवस मी अंथरुणात आणि संडासात काढले.

मला सीलिॲक डिसीज आहे. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, आपली मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांतून अन्न अंगाला लागतं. ते झिजून सपाट होतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. यावर आजपर्यंत गोळी निघालेली नाही. ग्लूटेन पूर्ण बंद, आयुष्यभर, हाच उपचार.

निदान व्हायला मला नऊ वर्षं लागली. नऊ वर्षं माझं हिमोग्लोबिन आठच्या आसपास. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झालं, लोखंडी कढईतली भाजी झाली. मुलुंडहून फोर्टला ऑफिसला जाताना सीएसएमटीचा जिना चढून आलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. "बायकांना असतंच हो," हे तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत ऐकलं. एका डॉक्टरांपुढे मी स्वतः सीलिॲकचं नाव काढलं, तर म्हणाले, तो पंजाबकडचा आजार, आपल्याकडे नसतो. उत्तर भारतात तो जास्त आढळतो हे खरंच आहे. पण आम्ही मराठी माणसं मुंबईत सकाळ-संध्याकाळ पोळ्या खातो, त्याचं काय? लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सीलिॲकमध्ये सगळ्यात जास्त झिजतो तोही तोच भाग. गोळ्या लागू पडणार कशा? हे मला शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्ताची टीटीजी तपासणी केली, सीलिॲकची शंका असली की आधी तीच करतात, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. आजाराचं दुःख होतंच, पण नऊ वर्षं आपण आळशी नव्हतो हे कळल्याचंही ते रडू होतं.

आता "एवढ्याशाने" या शब्दाबद्दल. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याला इजा दिसायला लागते. आपल्या घरातल्या मध्यम पोळीत अंदाजे अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे एका पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. तो तुकडा मुद्दाम खावा लागत नाही. कणीक लागलेल्या हाताने भाकरी थापली, पोळीच्याच तव्यावर भाजली, पोळ्यांच्या डब्यात ठेवली, की झालं. पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. मर्यादा इतकी कडक आहे ती उगाच नाही.

सगळ्यात मोठी लढाई मात्र गिरणीत झाली.

आमच्या गल्लीतल्या गिरणीत दिवसभर गहू पडतो. दगडांच्या मध्ये आधीच्या दळणाचं पीठ अडकून राहतं, हे दळण नेणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. म्हणून तर आपण सांगतो, ज्वारी ज्वारीवरच टाका. मी गिरणीवाल्या दादांना आजार समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि माझी ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ ओतली. पुढच्या वेळी कागदावर लिहून नेलं. तेच. मग एकदा नवरात्राच्या आधी राजगिरा घेऊन गेले. त्यांनी स्वतःहून विचारलं, "ताई, उपवासाचं आहे का?" मी हो म्हटलं. त्यांनी मशीन थांबवलं, ब्रशने दगड झाडले, पीठ पडायची कापडी पिशवी बदलली, मूठभर वरी टाकून आधी फिरवली, निघालेलं पीठ बाजूला काढलं आणि मग माझा राजगिरा घेतला. मी बघतच राहिले. जे मी सहा महिने हात जोडून मागत होते ते त्यांना अगदी पाठ होतं!

दुसऱ्या दिवशी ज्वारी घेऊन गेले आणि म्हटलं, "दादा, हेही उपवासासारखंच दळायचं. माझा उपवास जन्मभराचा आहे." ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मग सकाळी साडेसातला येत जा ताई, गहू पडायच्या आधी." पुढे वर्षभर त्यांनी माझं दळण दिवसातलं पहिलं घेतलं. नंतर घरघंटी घेतली, कारण दगड कितीही झाडला तरी थोडं राहतंच, हे मला आणि त्यांनाही कळत होतं. पण त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आपल्याला वेगळं ठेवणं जमतं, हे मला त्या गिरणीत समजलं. पिढ्यान्‌पिढ्या जमत आलंय. आपल्या सोवळ्या-ओवळ्याने माणसांना दूर लोटलं, ते मला अजिबात परत आणायचं नाही. त्याबद्दल माझ्या मनात रागच आहे. पण उपवासाच्या डब्याला खरकटा चमचा लावायचा नाही, ही जी हाताला लागलेली सवय आहे, ती आजारी माणसासाठी का वापरू नये? उपवास मोडला तर देव समजून घेईल. माझं आतडं समजून घेत नाही.

मी तशी उपवास करणारी बाई नाही. पण एकादशी आणि संकष्टी हे माझ्यासाठी आता मोकळे दिवस आहेत. साबुदाणा, वरी, राजगिरा, रताळं, शिंगाडा, सगळं चालतं. आणि बहुतेक घरी चालतं, कारण त्या दिवशी घरातले उपवासवाले सगळे माझ्यासोबत ते पथ्य पाळतात.

एक गोष्ट नव्याने निदान झालेल्यांसाठी सांगते: हिंग बघा. गहू बंद करून माझं वर्ष झालं तरी रिपोर्टमधला टीटीजीचा आकडा हवा तेवढा उतरेना. आहारतज्ज्ञ बाईंनी मांडणीतल्या प्रत्येक डबीचा फोटो मागवला. हिंगाच्या पिवळ्या डबीवर मागे, मुंगीएवढ्या अक्षरात, घटकांमध्ये गव्हाचं पीठ! बाजारातल्या बऱ्याचशा बांधानी हिंगात ते असतं. वर्षभर मी रोजच्या वरणाच्या फोडणीत गहू घालत होते. आता पीठ न मिसळलेला खडा हिंग बघून आणते आणि घरी कुटते. भाजणीचंही तसंच, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. बेसनाच्या लाडवात कुणी कुणी खुसखुशीतपणासाठी रवा घालतात. सुरमईला रव्याचं आवरण असतं, तिथे तांदळाची पिठी लावून द्या म्हणायचं, पण तव्याचं तेल वेगळं आहे का तेही विचारायचं. सोया सॉसमध्ये गहू, माल्टमध्ये जव. वडापावचा वडा बेसनाचाच, पण कढईत आधी समोसे तळलेले असतात, आणि हिंग आहेच. दादर स्टेशनबाहेर तो वास आला की अजूनही पाय अडखळतो.

आणि आमच्या मागे लागलेलं "ग्लूटेन फ्री"चं फॅड. वजन उतरवायला गहू सोडणाऱ्यांवर माझा राग नाही, पण त्यांच्यामुळे हॉटेलातला वेटर मला म्हणतो, "मॅडम, आज डाएट आहे का? थोडं चालतं." दुसरा धोका मोठा आहे. पोट फुगतं म्हणून आधीच गहू सोडला आणि नंतर तपासणी केली तर ती चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. शंका असेल तर आधी तपासणी करा, मग गहू सोडा. हा क्रम कृपा करून उलटा करू नका.

लोक सरसकट "तुला ॲलर्जी आहे ना" म्हणतात. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दूध पचत नाही. त्याला लॅक्टोज इनटॉलरन्स आहे, दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी पडतं. चुकून चहा घेतला तर दुपारभर पोटात गॅस आणि कळा. त्रास खरा आहे, पण आतड्याला इजा होत नाही. दाण्याची ॲलर्जी असलेल्या एखाद्या मुलाचा मात्र एका चिक्कीने श्वास अडकू शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि सीलिॲकमध्ये कधी कधी वरून काहीच दिसत नाही, आत झीज चालू राहते. तिन्ही वेगळी आहेत. निदानानंतर आठ महिने मलाही दूध पचत नव्हतं, कारण ते द्रव्य त्याच झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकाला तयार होतं. आतडं भरून आल्यावर दूध परत सुरू झालं. ज्या सकाळी पहिल्यांदा दुधाचा चहा निर्धास्त प्यायले, ती सकाळ अजून आठवते.

हा आजार गव्हामुळे होतो हे जगाला कळलं तेही भुकेतून. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ आधीपासून गव्हावर संशय घेऊन होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला. बाकीची मुलं खंगत होती, तेव्हा त्यांच्याकडची सीलिॲकची मुलं सुधारायला लागली. ब्रेड परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. त्या मुलांची मला नेहमी आठवण येते.

माझ्या निदानानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आई-वडील, भावंडं, मुलं यांची तपासणी करा. जवळच्या नात्यात हा आजार बराच जास्त सापडतो. भावाने टाळाटाळ केली, पण शेवटी स्वतःची केली आणि मुलीचीही. माझ्या भाचीची उंची दोन वर्षं वाढत नव्हती, "आजीवर गेलीय" म्हणून सगळे सोडून देत होते. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता ती तेरा वर्षांची आहे. निदान लवकर झालं म्हणून उंची वाढतेय, गालांवर रंग आलाय. पण मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती स्वतःचा डबा घेऊन जाते आणि कोपऱ्यात बसून खाते. मला म्हणाली, "आत्या, डब्याचं काही नाही वाटत. सगळ्या जणी विचारतात, एक घास तरी खा ना, ते नको वाटतं."

म्हणून सांगते, तिच्यासारख्या मुलीला एक घास घे म्हणू नका. तुमच्या घरी ती आली तर वेगळं पातेलं घ्या, हात धुवा, तिला आधी वाढा. आणि काहीच जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. ती डबा आणेल, तुम्ही फक्त तिला आपल्या पंगतीत बसवा.

आषाढीच्या त्या दुपारी मी मामींना हेच सांगितलं, त्यांच्या खिचडीच्या कढईकडे बोट दाखवून. मागच्या वर्षीच्या त्या तीन दिवसांबद्दलही सांगितलं, जे तोवर त्यांना माहीत नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने डोळे टिपले आणि भांडी आवरायला लागल्या. मला वाटलं, दुखावल्या.

परवा रात्री फोन आला. "ऐक गं, गौरींना तुम्ही दोघी येणार ना, तू आणि पोर? उकडीचे मोदक करतेय. तांदूळ धुऊन वाळवलेत. पण पिठी आमच्या गिरणीतून आणली तर चालेल का? तिथे गहू असतो दिवसभर."

मी म्हटलं, "मामी, तांदूळ तसेच ठेवा. रविवारी येऊन घेऊन जाते, घरघंटीवर दळून आणते."

"मग डबा तुझाच आण," म्हणाल्या. "आमच्या डब्यात कणीक असते."