टोमॅटो टार्टचा तळ ओला का राहिला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टार्ट बिघडल्यावर नुसतं 'जमलं नाही' न म्हणता काय काय केलंत ते सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचा आक्षेप असा की 'पफ पेस्ट्रीवर कुठलंही सारण चालतं' हे माझं विधान दिशाभूल करतं: तुमच्या टोमॅटो टार्टच्या (वर सारण मांडून भाजलेल्या उघड्या पेस्ट्रीच्या) कडा फुलल्या, पण मधला भाग गिच्च राहिला. शिवाय पफ पेस्ट्रीची विकतची तयार शीट वापरून केलेल्याला घरचं बेकिंग म्हणू नये, असंही तुम्हाला वाटतं.

विधान मी मागे घेत नाही. सारण कुठलंही चालतं, फक्त त्याचं पाणी आधी काढायला हवं, आणि तुमच्या कृतीत नेमकं तेच राहून गेलं. या पेस्ट्रीत यीस्ट नसतं की बेकिंग पावडर नसते. पिठाच्या पोळीत लोणी गुंडाळून सहा वेळा तिहेरी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन पदर उचलले जातात. टोमॅटोत मात्र ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी. चकत्या कापून लगेच मांडल्यात, तर ते सगळं पाणी खालच्या कच्च्या पिठात उतरणार. ते आटेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे तळ भाजला न जाता नुसता वाफवला जातो. त्यात ओव्हन १८० अंशांवर. तो २१० तरी हवा.

चकत्यांना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा. खाली किती पाणी साठतं ते बघाच! मग कापडाने टिपून घ्या. शीटवर कडेपासून दोन सेंटीमीटर आत सुरीने अर्ध्या जाडीपर्यंत चीर द्या, आतल्या भागाला काट्याने टोचे मारा आणि त्यावर ब्रेडचा कोरडा चुरा किंवा किसलेलं घट्ट चीज भुरभुरा. ट्रे ओव्हनमध्येच तापवून ठेवा आणि टार्ट खालच्या बेकिंगच्या कागदासकट त्यावर सरकवा. थंड ट्रेवर तळाला उष्णता पोचेपर्यंत लोणी वितळून वाहून जातं. झाला असं वाटलं की उलथन्याने एक कोपरा उचलून खालून बघा. तळावर तपकिरी छटा नसेल, तर वरून कितीही सुंदर दिसला तरी काढू नका.

इतर सारणांचं म्हणाल, तर मशरूमला मोठ्या आचेवर परतायचं आणि कान द्यायचा: आधी पाणी खदखदतं, ते आटलं की तळणीचा चरचर आवाज सुरू होतो. तोवर थांबायचं. कांदा मंद आचेवर पार मऊ, तपकिरी होऊ द्यावा. सफरचंदाच्या पातळ कापा कच्च्याच चालतात, फक्त साखर अगदी शेवटी, कारण ती लगेच पाणी सोडवते. दुधा-अंड्याचं पातळ सारण असेल तर तळ आधी रिकामाच भाजून घ्यावा लागतो.

तयार शीटबद्दल मात्र मला तुमचं अजिबात पटत नाही. घड्यांच्या मधे पीठ पुन्हा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायला सवड असेल तर घरी जरूर करा, त्याचा आनंद वेगळाच. पण सारण निवडणं, त्याचं पाणी ओळखणं, भाजणं हे सगळं तुमच्याच हातचं असतं. शीट घेताना घटकांत लोणी आहे ना एवढं बघा. ती फ्रिजमध्येच सावकाश सैल होऊ द्या, आणि अंडं लावताना कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका. तिथे पदर चिकटतात आणि ती बाजू फुलत नाही.