दार्जिलिंगचे गोरखे म्हणे १९५० नंतर घुसले!

गोरखालँडचा, म्हणजे दार्जिलिंग भागाच्या वेगळ्या राज्याच्या मागणीचा, विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. दार्जिलिंग मुळात बंगालचंच, १९५० च्या भारत-नेपाळ करारानं बॉर्डर उघडी झाली तेव्हा हे नेपाळी आत आले, सगळे एकाच गुरखा जमातीचे, आणि आता देश तोडायला निघालेत. चार वाक्यं, चारही फेकलेली.

पहिलं, "मुळात बंगालचं". अहो, १८३५ पर्यंत हा डोंगर सिक्कीमच्या राजाचा, म्हणजे चोग्यालचा होता. मध्यंतरी नेपाळच्या गोरखा राज्यानं सिक्कीमचा बराच मुलूख दाबला होता, मग इंग्रजांनी नेपाळला हरवलं आणि १८१७ च्या तितालिया तहात मेची ते तिस्ता या नद्यांमधला पट्टा सिक्कीमला परत दिला. फेब्रुवारी १८३५ मध्ये त्याच चोग्यालकडून दार्जिलिंगचा डोंगर लिहून घेतला, कारण काय तर ईस्ट इंडिया कंपनीच्या आजारी नोकरांना थंड हवा हवी होती! त्या दानपत्रात हद्दी नद्यांनी सांगितल्यात, मोठ्या रंगीतच्या दक्षिणेला, बालासनच्या पूर्वेला वगैरे, म्हणजे आजचा अख्खा जिल्हा नव्हेच, त्यातला एक तुकडा. भरपाई सुरू झाली १८४१ ला, वर्षाला ३ हजार रुपये. पुढे सिक्कीमनं दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर या दोन साहेबांना पकडून ठेवलं, त्याचा राग म्हणून १८५० ला तराई, म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा सपाट पट्टा, तीपण घेतली. आणि कालिम्पाँग तर तेव्हा भूतानकडे होतं, ते १८६५ च्या सिंचुला तहात इंग्रजांना मिळालं. आज हे सगळं पश्चिम बंगालमध्ये आहे हे बरोबर, पण "मुळात" कुठून आणलं?

आता दुसरं, हेच खरं विषारी आहे. नेपाळहून खूप लोक आले, हे खरंय, कोणी नाकारत नाही. पण आले कधी? चहाचे मळे १८५० च्या दशकात सुरू झाले, मजूर हवे होते, मग मळ्याचा सरदार, म्हणजे मजूर भरती करणारा मुकादम, पूर्व नेपाळात आपल्या गावी जायचा आणि भाऊबंद, शेजारीपाजारी घेऊन यायचा. १८७२ च्या जनगणनेत जिल्ह्यात ९५ हजारांच्या आसपास माणसं होती, १९०१ ला जवळपास अडीच लाख, म्हणजे करारापूर्वी अर्धशतक! त्याच्याही आधीपासून तिथले मूळ रहिवासी लेपचा होते, आणि लिंबू नावाच्या जमातीचा मुलूख तर आजच्या बॉर्डरच्या दोन्ही बाजूंना पसरलेला, त्यांच्यामधून रेघ नंतर गेली. करार झाला ३१ जुलै १९५० ला आणि त्याच वर्षी जानेवारीत संविधानावर सही करणाऱ्यांत दार्जिलिंगचे अरी बहादूर गुरुंग होते, आता बोला. मळ्याला तिकडे कमान म्हणतात, त्या कमानीत पाच-पाच पिढ्या एकाच घरात राहिल्या तरी खालच्या जमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, नावावर नाही अशी कितीतरी कुटुंबं आहेत, मालकाच्या लेखी ते कामगार क्वार्टर. आणि आपण इकडे बसून त्यांना पुरावा मागायचा.

एकच जमात म्हणाल तर राई, लिंबू, मगर, तमांग, गुरुंग, नेवार, शेर्पा, बाहुन, छेत्री, कामी, दमाई, कितीतरी. बऱ्याच जणांची आपापली भाषा, कोणी बौद्ध, कोणी हिंदू, कोणी ख्रिश्चन, बोलायला मात्र सगळ्यांना जोडणारी नेपाळी, जी १९९२ ला कोंकणीसोबतच संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. लेपचांची तर लिपीसुद्धा वेगळी. खाली डुआर्समध्ये, म्हणजे भूतानच्या पायथ्याच्या सपाट चहापट्ट्यात, छोटा नागपूरहून आणलेले उरांव, मुंडा, संथाळ आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा गोरखालँडला विरोध आहे, तेव्हा "सगळे एक" हे त्या मागणीच्या कट्टर समर्थकांनीही जरा जपूनच म्हणावं.

राहिलं देश तोडणं. मागणी आहे भारतातच वेगळ्या राज्याची. वेगळा विदर्भ मागणाऱ्याला आपण देशद्रोही म्हणतो का? पटत नसेल तर करा विरोध, मलाही सगळं पटत नाही, २०१७ चा शंभर दिवसांवरचा बंद लोकांना फार महागात पडला. पण १९०७ पासून, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून, तिथली माणसं वेगळा कारभार मागतायत. आणि गंमत बघा, ज्या करारानं हे आत आले म्हणतात त्याच १९५० च्या कराराच्या प्रती जाळायला २७ जुलै १९८६ ला कालिम्पाँगमध्ये गोरखेच जमले होते, कारण दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची मुभा देणाऱ्या त्यातल्या सातव्या कलमामुळे आपल्यालाही परदेशी धरलं जातं अशी त्यांची तक्रार होती, आणि त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.