कॉफी नको, गवत दाखवा!

पुण्याच्या आसपास घोडा ठेवायला तबेला बघायला गेलं की आधी कॅफे दाखवतात. मग सेल्फीची जागा. अहो, माझा घोडा कॉफी पीत नाही! गवताची गंजी कुठेय ते दाखवा. ५०० किलोच्या जनावराला रोज ८-१० किलो तरी सुका चारा लागतो, आणि हे तबेलेवाले नुसत्या चंदीवर, म्हणजे दाण्यावर, भागवणार. चारा असलाच तर तोही पावसात भिजून बुरशी धरलेला. पोटशूळ उठला तर? घोड्याला उलटीसुद्धा करता येत नाही हो! रात्री मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, इथेच झोपतो का, विचारलं की "टेन्शन नका घेऊ सर." रोज मोकळं सोडता ना? "सोडतो की, रविवारी." भाडं मात्र तीन महिन्यांचं आगाऊ, वर लीद काढायचे वेगळे!