गुरू करावा तर पुरता करावा

सकाळी साडेसहाला चहाचे आधण ठेवावे आणि त्याच सुमारास मोबाईलवर गरुड यावा, असा आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. हा गरुड आपल्यालाही भेटला असेलच. तो ७० वर्षे जगतो, परंतु ४०व्या वर्षी त्याची चोच वाकते, नखे बोथट होतात आणि पिसे जड होतात. मग तो एका उंच कड्यावर जातो, खडकावर आपटून चोच मोडून काढतो, नव्या चोचीने नखे उपटतो, नव्या नखांनी पिसे उपटतो आणि १५० दिवसांच्या या खटाटोपानंतर आणखी ३० वर्षांचे आयुष्य पदरात पाडून घेतो. खाली उगवत्या सूर्याचे चित्र असते आणि बदलायला शिकण्याचा आदेश असतो. आपण चाळिशी ओलांडली असेल, तर हा उपदेश अवश्य मनावर घ्यावा. आपल्याला चोच नसल्यामुळे सुरुवात दातांपासून करावी आणि पुढचे पाच महिने अन्नाला शिवू नये. रानातला गरुड सहसा तिशीच्या फारसा पुढे जात नाही, त्याची चोच आणि नखे जन्मभर वाढत व झिजत असतात, आणि चोच मोडलेला गरुड उपासमारीने मरतो, या किरकोळ बाबींकडे दुर्लक्ष करावे. शिष्याने गुरूचे वय विचारू नये.

आमच्या आजीला प्राण्यांविषयी एवढा आदर नव्हता. तिच्या तोंडी कोल्हा काकडीला राजी असे, सरडा कुंपणापर्यंतच धावे, गाढवाला गुळाची चव कळत नसे आणि कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राही. माणसाचे नाव न घेता माणसाला बोल लावण्याची ती सोय होती, आणि गाढवानेही त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. आता तेच प्राणी व्यासपीठावर बसवले गेले आहेत.

मला स्वतःला मुंगीची दीक्षा मिळाली ती एका प्रशिक्षण शिबिरात. आमच्या विभागातल्या दोन रिकाम्या जागा भरायच्या नाहीत असे वरून ठरले, आणि त्याच आठवड्यात आम्हा सर्वांना एका हॉटेलच्या गारठलेल्या सभागृहात नेऊन बसवण्यात आले. मुंगी रजा मागत नाही, मुंगी घड्याळ पाहत नाही, मुंगीच्या डोक्यावर साहेब नसतो तरी ती राबते, असे प्रशिक्षक सांगत होते, आणि साहेब नसतो हे ऐकून पहिल्या रांगेतले आमचे साहेब समाधानाने मान डोलावत होते. माझ्यासमोरच्या बशीत बिस्किटाचा चुरा पडला होता आणि त्याच्याभोवती दहा-बारा खऱ्याखुऱ्या मुंग्या जमल्या होत्या. त्यांतल्या चौघी एक कण ओढत होत्या. दोघी त्याच कणाला विरुद्ध दिशेने ओढत होत्या. उरलेल्या बशीच्या काठावर मिशा हलवत उभ्या होत्या आणि त्यांचे एकंदर चित्त आमच्यासारखेच जेवणाच्या सुट्टीकडे लागलेले दिसत होते.

मला वाटले, याच मुंग्या कामचुकार निघाल्या असाव्यात. पुढे वाचनात आले की, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी खडकांच्या फटींत राहणाऱ्या एका जातीच्या मुंग्यांवर रंगाचे ठिपके लावून प्रत्येकीची हजेरी ठेवली, आणि २०१५ साली असे प्रसिद्ध केले की, वारुळातल्या सुमारे ४० टक्के मुंग्या बहुतेक वेळ काहीही करत नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी याच्याही पुढची गोष्ट सांगितली. सर्वांत कामसू मुंग्या काढून घेतल्या तर रिकाम्यांपैकी काही जणी आठवड्याभरात कामाला लागतात; उलट रिकाम्या काढून घेतल्या तर त्यांच्या जागी रिकामे बसायला मात्र कोणी पुढे येत नाही. म्हणजे हा राखीव साठा आहे आणि तो जपावा लागतो. तेव्हा आपण अधिकारपदावर असाल आणि मुंगीला खरोखरच गुरू मानत असाल, तर उद्यापासून कार्यालयातल्या दर दहांपैकी चौघांना कँटीनमध्ये पूर्ण पगारावर बसवून ठेवा आणि त्यांच्याकडे पाहून कपाळाला आठी घालू नका. हा मुद्दा मी शिबिरानंतरच्या अभिप्रायाच्या कागदावर सविस्तर लिहून दिला होता. पुढच्या शिबिराला माझे नाव यादीत नव्हते.

प्राण्याला गुरू करण्याची चाल आपल्याकडे नवी नाही, हे मान्य केले पाहिजे. भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो, आणि त्यांत कबुतर, अजगर, पतंग, मासा, हत्ती, मधमाशी अशी मंडळी आहेत. परंतु त्या शिष्याची रीत आजच्या मंडळींना परवडणारी नाही. पिलांच्या मोहाने जाळ्यात शिरलेल्या कबुतराकडून तो काय करू नये ते शिकला. साठवलेला मध शेवटी दुसराच कोणीतरी काढून नेतो, हे पाहून तो साठा करू नये असे शिकला. अजगराकडून तर तो असे शिकला की, समोर आपोआप येईल ते खावे आणि न आले तर पडून राहावे. ही अजगराची शिकवण कोणत्याही शिबिरात सांगितली जात नाही, कारण तिच्यासाठी हॉटेलचे भाडे भरायला कोणतीही कंपनी तयार होणार नाही.

घर बांधण्याच्या वा घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांसाठी मात्र सुगरणीइतका जवळचा गुरू दुसरा नाही. नावावर जाऊ नका. शिंदीच्या झावळ्यांना किंवा विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला लोंबणारा तो विणलेला खोपा नर बांधतो, जरी भाषेने त्याचे श्रेय मादीला देऊन टाकले असले तरी. सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवली आणि त्यांचा संसार नेमका कसा चालतो ते पहिल्यांदा नीट मांडले. ते वाचताना आपण पक्ष्यांविषयी वाचत आहोत की आपल्या उपनगराविषयी, असा संभ्रम पडतो.

नर गवताच्या व पात्यांच्या लांब चिरफाळ्या आणतो, गाठी मारतो, वळे विणतो आणि घर अर्धे झाले की काम थांबवतो. या टप्प्यावर ते टांगलेल्या शिरस्त्राणासारखे दिसते. खाली उघडे, आत एक आडवी दांडी. मग तो पंख फडफडवून गलका करतो, आणि माद्या पाहणीला येतात. मादी आत शिरते, चोचीने पाती ओढून पाहते, पसंत पडले नाही तर शेजारच्या शिरस्त्राणात जाते. विणकामाच्या सफाईपेक्षा घरटे कोठे, किती उंचावर आणि कोणत्या फांदीवर टांगले आहे याला ती अधिक महत्त्व देते, असे अभ्यासकांना आढळले आहे; तेव्हा जागेच्या भावाबद्दल यापुढे दलालांना दोष देऊ नये. एकदा पसंती मिळाली की उरलेले बांधकाम, म्हणजे अंड्यांची खोली आणि ती लांब नळी, पूर्ण केले जाते. ताबा मिळाल्यावर मादी अंडी घालते, एकटी उबवते आणि पिलेही बहुतांशी एकटीच वाढवते, कारण तोपर्यंत नराने पलीकडच्या फांदीवर दुसरा प्रकल्प सुरू केलेला असतो. नापसंत पडलेले सांगाडे तसेच वाऱ्यावर डुलत राहतात.

आपण विकासक असाल तर यात शिकण्यासारखे आपल्याला काहीच उरलेले नाही, त्याबद्दल अभिनंदन. आपण ग्राहक असाल, तर मादीचे अनुकरण करताना एक फरक ध्यानात ठेवा: ती पसंती देण्याआधी भिंत स्वतः ओढून पाहते. नमुना सदनिकेच्या दर्शनी भिंतीला आपण असे ओढू लागलात, तर सुरक्षारक्षक आपल्याला बाहेर नेईल. घरट्याच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले असतात आणि त्यांत काजवे रोवून पक्षी रात्री उजेड करतो, असे जुने लोक सांगत. गोळे खरे आहेत, दिवाबत्ती कल्पित आहे. माहितीपुस्तिकेतल्या जलतरण तलावाचाही प्रकार साधारण असाच असतो.

अपत्यसंगोपनाबद्दल कोकिळेचा सल्ला घ्यावा. गाणारा पक्षी हा नर. मादीला ते सूर येत नाहीत, तरी उत्तम गायिकेला आपण गानकोकिळा म्हणतो आणि तिचा गौरव झाला असे समजतो. कुहू कुहू करून नर कावळ्यांना अंगावर ओढून घेतो आणि त्या धांदलीत मादी त्यांच्या घरट्यात अंडे ठेवून येते. ते पिलू बहुधा कावळ्याच्या पिलांच्या दोन-तीन दिवस आधी बाहेर पडते आणि पहिला घास मिळवते. पाळणाघराचे मासिक दर पाहता ही योजना अत्यंत आकर्षक आहे. फक्त गाणारा नवरा आणि शेजारी राहणारे कावळे एवढी गुंतवणूक आधी हवी.

गेल्या जुलैत हा प्रयोग आमच्या जिन्याच्या खिडकीतून फुटाभरावर दिसला. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक काळपट, गुबगुबीत पिलू पंख थरथरवत बसले होते आणि भिजून निम्मा झालेला कावळा त्याच्या लालभडक घशात पोळीचा तुकडा कोंबत होता. पिलू गिळे आणि कर्कश आवाजात पुन्हा मागे. गरुड पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका शेजारीच उभे होते. त्यांचा नातू त्यांच्या कडेवर होता, कारण मुलगा आणि सून अंधेरीच्या लोकलमध्ये होते. काकांनी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि बराच वेळ गहिवरून तिकडे पाहत राहिले. ते पिलू कोणाचे हे सांगावे असे माझ्या ओठांवर आले होते, पण नातवाने तेवढ्यात त्यांचा चष्मा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गरुड आला नाही. तो फोटो आला, वर गुलाबाचे फूल होते आणि खाली आपल्या लेकरासाठी कसे झिजावे हे कावळ्याकडून शिका, असे लिहिले होते. मी हात जोडल्याचे चिन्ह पाठवून चहा गाळायला घेतला.