‘वर चढलात की उन्हाळा संपला’ : फिनिक्समधील एका सल्ल्याचा प्रतिवाद

ॲरिझोनातील फिनिक्स आणि चँडलर परिसरातल्या मराठी कुटुंबांमध्ये मे महिना लागला की एक सल्ला फिरू लागतो. त्याचा आशय असा : दर हजार फुटांना तापमान तीन अंश सेल्सिअसने उतरते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सरळ मोगोयॉन रिम या उंच कड्यावर किंवा उत्तरेकडच्या फ्लॅगस्टाफ गावाच्या जंगलात जाऊन तंबू ठोकावा, वर उन्हाची धास्ती नसते, शेकोटीची मजा घेता येते, दुपारची पावसाची सर हवा आणखी गार करते आणि जंगलात राहायला पैसेही पडत नाहीत. उंचीवर गारवा असतो हे निर्विवाद आहे, आणि ज्या शहरात ३० जून ते ३० जुलै २०२३ असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले नाही, तिथल्या माणसाने डोंगराकडे धाव घेणे अगदी रास्त आहे. मात्र या एका खऱ्या गोष्टीवर रचलेले बाकीचे दावे तपासल्याशिवाय पुढे पाठवणे मला गैर वाटते, कारण ते वाचून लोक लहान मुलांना आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन निघतात.

आधी आकडा पाहू. तीन अंशांचा दर हा कोरडी हवा वर चढताना प्रसरण पावून जितकी थंड होते त्याचा आहे. प्रत्यक्ष वातावरणाची सरासरी घट हजार फुटांना दोन अंशांच्या आसपास असते. फिनिक्स सुमारे १,१०० फुटांवर आहे आणि फ्लॅगस्टाफ ६,९०० फुटांवर. सल्ल्यातल्या हिशेबाने जुलैच्या दुपारी दोन्हींत १७ अंशांचा फरक पडायला हवा; सरासरी फरक १३ अंशांचा, म्हणजे ४१ विरुद्ध २८ असा आहे. फ्लॅगस्टाफला हे पुरेसे आहे, पण ५,००० फुटांवरच्या पेसन गावाला जुलैची दुपार ३४ अंशांच्या घरात असते आणि सेडोना त्याहूनही तापते. ‘वर’ म्हणजे नेमके किती वर, हे सल्ला सांगत नाही. रात्रीचा विचार तर त्यात नाहीच. फ्लॅगस्टाफला जूनमध्ये पहाटेचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि जड, थंड हवा गवताळ खोलगट भागात साचते. त्यामुळे सुंदर दिसणाऱ्या कुरणाच्या तळाशी लावलेल्या तंबूत, थोड्या वरच्या उतारावरील तंबूपेक्षा जास्त थंडी वाजते. एका चादरीवर तिथे रात्र निघत नाही.

उन्हाची धास्ती नसते, हे विधान तर उलटे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांचे प्रमाण १० ते १२ टक्क्यांनी वाढते. फ्लॅगस्टाफ फिनिक्सपेक्षा सुमारे १,८०० मीटर उंच आहे. हवा गार असल्यामुळे कातडी भाजत असल्याचे लवकर कळत नाही. तिथल्या जंगलातल्या पाँडेरोसा पाइन या झाडाची सावलीही वडा-आंब्यासारखी दाट नसते. झाडे उंच आणि विरळ असतात आणि सकाळी सावलीत असलेला तंबू अकरा वाजता उन्हात सापडतो. बंद गाडीबद्दल विशेष सांगायला हवे : बाहेर २७ अंश असतानाही उन्हातल्या गाडीचा आतला भाग वीस मिनिटांत ४३ अंशांवर जातो. ‘हवा थंड आहे’ म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत सोडणे इथेही तितकेच घातक आहे.

शेकोटीबद्दल एकच घटना पुरे. ॲरिझोनाच्या इतिहासातील सर्वांत मोठा वणवा, २०११ चा वॉलो वणवा, तंबू ठोकून राहिलेल्यांनी न विझवता सोडलेल्या शेकोटीतून पेटला आणि ५ लाख ३८ हजार एकरांवर पसरला. मे-जूनमध्ये शेकोटीवर बंदी असणे नेहमीचे आहे. जून २०२१ मध्ये तर फ्लॅगस्टाफभोवतीचे कोकोनिनो राष्ट्रीय जंगल लोकांसाठी पूर्णच बंद केले होते. झडपेने बंद करता येणारी गॅसची शेगडी बहुधा चालते, पण निघण्यापूर्वी त्या आठवड्याचा नियम पाहावाच लागतो. (सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशांनाच उकळते, तेव्हा डाळीसाठी कुकर न्यावा.)

सर्वांत जास्त काळजी मला पावसाच्या दाव्याची वाटते, कारण तिथे आपली सह्याद्रीतली समजूत आडवी येते. आपल्याकडचा पाऊस दिवसदिवस सगळ्या मुलखावर पडतो. तो येतोय हे डोळ्यांना दिसते. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर या मान्सूनच्या काळात ढग दुपारी एखाद्याच डोंगरावर फुटतो आणि काही मैल खाली आकाश कोरडे असते. १५ जुलै २०१७ रोजी पेसनजवळ ओढ्याच्या डोहात उतरलेल्या एका कुटुंबातील दहा जण अचानक आलेल्या लोंढ्यात मृत्युमुखी पडले. पाऊस वरच्या बाजूला, महिनाभरापूर्वी जळालेल्या जंगलावर पडला होता. जळकी जमीन पाणी मुरवत नाही, त्यामुळे राख आणि ओंडके घेऊन ते एकदम खाली आले. तंबूची जागा निवडताना कोरडा दिसणारा ओढ्याचा सपाट वाळूचा पट्टा म्हणूनच टाळावा, आणि वरच्या अंगाला अलीकडे वणवा लागला होता का हे विचारावे. गडगडाट ऐकू आला तर तंबूत किंवा एकट्या उंच झाडाखाली न थांबता गाडीत बसावे, आणि गाडी ओढ्यापासून दूर ठेवलेली असावी.

राष्ट्रीय जंगलात मोकळ्या जागी १४ दिवस फुकट राहता येते, हे खरे. तिथे नळ नाही, शौचालय नाही, आणि बऱ्याच ठिकाणी फोनही लागत नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी स्वतः न्यावे लागते. हे पाणी टपाच्या कॅरियरवर नव्हे, हाताशी ठेवावे, कारण उष्माघाताचा खरा धोका जंगलात पोहोचण्याआधी असतो : शुक्रवारी संध्याकाळी ब्लॅक कॅन्यन सिटीनंतर आय-१७ महामार्ग सनसेट पॉइंटच्या दिशेने चढू लागतो, भरलेल्या गाड्यांची इंजिने तापतात, वाहतूक तुंबते आणि बाहेर अजून चाळिशीतला पारा असतो. शनिवारी पहाटे पाचला निघावे.