'कोंडणे' फक्त माणसाजनावरांसाठी? त्या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर 'शुद्ध मराठी' म्हणून एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की कोंडणे हे क्रियापद फक्त सजीवांना लागतं, त्यात जबरदस्ती असलीच पाहिजे, बंद खोली पाहिजे, वस्तूंसाठी 'बंद करणे'च म्हणायचं, आणि कोंदट हा म्हणे कोंडटचा बिघडलेला शब्द. लोक हात जोडून पुढं पाठवतायत, म्हणून लिहितोय.

पहिलं सजीवाचं. घरात धूर कोंडतो, कुकरात वाफ कोंडते, घशात हुंदका कोंडतो, यातलं जिवंत काय आहे? पुरावा म्हणून कोंडवाडा दिलाय. मोकाट जनावरांच्या कोंडवाड्यांसाठी १८७१ चा कायदाच आहे, मान्य, पण एका शब्दावरनं अख्खं क्रियापद जनावरांना बांधता येत नाही. मात्र 'खुर्ची खोलीत कोंडली' असं कुणी म्हणत नाही हेही खरंच, आणि खरी गंमत तिथंच आहे. जे बाहेर पडायला बघतंय आणि ज्याची वाट सगळीकडनं बंद झालीय ते कोंडतं, मग ते जिवंत असो नसो. खुर्चीला कुठं जायचंय? तिला नुसतं ठेवतात. कपडे बॅगेत कोंबतात, वडापमध्ये, म्हणजे शेअर जीपमध्ये, तर माणसंच कोंबतात, जिवंत असली तरी तिथं कोंडणे येत नाही कारण जोर दाबून भरण्यावर आहे. आणि कुणी म्हणालं, 'एवढी पुस्तकं कपाटात कोंडून ठेवलीस', तर ती तक्रार असते, पुस्तकं लोकांच्या हातात जायला पाहिजेत असं बोलणाऱ्याला वाटतंय ते त्या एका शब्दातनं कळतं, 'बंद केलीस' म्हटलं की ते सगळं गेलं.

पाण्याचं बघा. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा सरला की बरगे म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवतात. अडवतात म्हणतो, कोंडतात नाही, कारण जादाचं पाणी वरनं पुढं जातंच. तेच पुराचं पाणी गल्लीत शिरलं, गटारं तुंबली, जायला वाटच राहिली नाही की पाणी कोंडलं म्हणतो.

जबरदस्तीचं म्हणाल तर 'श्वास कोंडला' यात कोंडणारा कोण? कुणीच नाही. 'पोरानं मांजराला कोंडलं' यात आहे. एकच क्रियापद दोन्हीकडं चालतं. परीक्षेच्या आधी पोरगी स्वतःच स्वतःला खोलीत कोंडून घेते. जनाबाई तर 'हृदय बंदिखाना केला, आंत विठ्ठल कोंडिला' म्हणतात, तिथं दोर आहे, बंदिखाना आहे, आणि तो सगळा मायेचा आहे. नुसती जबरदस्तीच सांगायची असेल तर मराठीत डांबणे आहे ना, पेपरात 'डांबून ठेवलं' वाचलं की गुन्हा झालाय हे लगेच कळतं. धूर कधी कुणी डांबत नाही.

खोलीच पाहिजे, हे तर कोल्हापूरच्या माणसानं पुढं पाठवूच नये. १६६० साली सिद्दी जौहरनं शिवाजी महाराजांना पन्हाळ्यावर कोंडलं, तेव्हा गडाच्या भिंती महाराजांच्याच होत्या, कोंडणारा वेढा बाहेर उघड्यावर होता, आणि जुलैच्या रात्री वेढ्यातनं वाट काढून महाराज विशाळगडाकडं निघाले. आणि दरवर्षी हंगामाच्या तोंडावर ऊसदराची कोंडी होते, ती फुटते, त्यात खोली कुठली आणि दार कुठलं? शेतकरी आणि कारखानदार दोघंही आपापल्या जागेवर अडून बसतात, पुढं सरकायला वाट नाही, म्हणून कोंडी. वाहतुकीचीही तीच.

राहिलं कोंदट. ते कोंदणे या क्रियापदाकडचं, म्हणजे भरून राहणे, दाटणे. वास खोलीत कोंदतो. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, सोनार खडा कोंदणात बसवतो, तिथं कोंडण म्हणून बघा, दुकानदार तुमच्याकडं बघत राहील. कोंदट खोलीत हवा कोंडलेली असते म्हणून दोन्ही शब्द जवळचे वाटतात एवढंच. शाळेत कुणी गुरुजी किंवा बाईंनी हा मेसेज वाचून पोरांच्या वहीतलं 'धूर कोंडला' खोडलं असेल तर तेवढा मार्क परत द्या.